पावणेसहा इंचांचा सिलिंडर

(दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील ब्रिटिश रेडियल विमान इंजिनांविषयीच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

सुरुवातीलाच दोन आकडे तुमच्यासमोर ठेवतो. १९२१ साली ब्रिस्टल कंपनीच्या ज्युपिटर इंजिनानं ब्रिटिश हवाई मंत्रालयाची चाचणी पार केली. नऊ सिलिंडर, प्रत्येकाचा आतला व्यास पावणेसहा इंच, पिस्टनची धाव साडेसात इंच, एकूण आकारमान २८.७ लिटर आणि ताकद साधारण ४०० अश्वशक्ती. सतरा वर्षांनी, १९३८ साली, त्याच कंपनीचं पेगॅसस नावाचं इंजिन १,००० अश्वशक्ती देत होतं. सिलिंडर नऊच. व्यास तोच, धाव तीच, आकारमान तेच २८.७ लिटर.

इंजिन कणभरही मोठं झालं नाही आणि ताकद अडीचपट झाली. ही जादा ताकद आली कुठून? एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जाळलं. पण पेट्रोल जाळणं हे कधीच अवघड नव्हतं. जाळल्यानंतर जी उष्णता सिलिंडरच्या भिंतीत आणि माथ्यात शिरते, ती बाहेर काढणं अवघड होतं. पाण्यानं थंड होणारं इंजिन असेल तर पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरकडे नेतं. इथे पाणी नाही. समोरून येणारा वारा आणि धातूच्या पातळ फिन, एवढ्यावर भागवायचं. तुमच्यापैकी ज्यांनी जुनी मोटारसायकल चालवली आहे, त्यांनी या फिन रोज पाहिल्या आहेत. चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलं की त्या सिलिंडरचं काय होतं, हेही त्यांना ठाऊक आहे. आज मी जे सांगणार आहे, ते सगळं या उष्णतेविषयी आहे.

आधी रचना. रेडियल इंजिनात सिलिंडर क्रँककेसभोवती, म्हणजे मधल्या पेटीभोवती, वर्तुळात बसवलेले असतात. एका सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड मुख्य असतो, बाकीच्या आठांचे रॉड त्याच्या डोक्यावर जोडलेले असतात, आणि सगळे मिळून क्रँकशाफ्टचा, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा, एकच कोपरा फिरवतात. त्यामुळे क्रँकशाफ्ट आखूड, क्रँककेस आखूड आणि वजन कमी. एका रांगेत सिलिंडरांची संख्या विषम का असते, असं नेहमी विचारलं जातं. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटला पाहिजे. नऊ असले की एक सोडून एक पेटवत जाता येतं: १, ३, ५, ७, ९, मग २, ४, ६, ८. दोन फेऱ्यांत सगळे पेटले आणि प्रत्येक ठिणगीतलं अंतर सारखं राहिलं. आठ किंवा दहा घेऊन बघा, हे गणित जमत नाही.

पहिल्या महायुद्धात हवेनं थंड होणारी इंजिनं म्हणजे बहुतेक रोटरी. त्यांत क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणारे. फिरत असल्यामुळे त्यांना वारा आपोआप मिळायचा. पण एवढं मोठं फिरणारं वस्तुमान नाकावर असलं की विमान वळवताना ते भलतीकडेच ओढतं. शिवाय सिलिंडर वाऱ्यात घुसळण्यातच बरीच ताकद वाया जाते. १९१८ पर्यंत रोटरीची मर्यादा सगळ्यांना कळून चुकली होती. पुढची पायरी म्हणजे सिलिंडर स्थिर ठेवायचे आणि तरीही ते थंड राखायचे.

आणि इथेच ब्रिटननं एक प्रचंड चूक केली. तिच्याबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण पुढची वीस वर्षं त्या चुकीच्या सावलीत गेली.

एबीसी कंपनीच्या ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांनी ड्रॅगनफ्लाय नावाचं नऊ सिलिंडरचं रेडियल आखलं. कागदावर ते अप्रतिम होतं. वजन ६०० पौंड, ताकद ३४० अश्वशक्ती, बनवायला सोपं. युद्ध ऐन भरात होतं, इंजिनांचा तुटवडा होता. ब्रॅडशॉ बोलण्यात वाकबगार होते आणि अधिकाऱ्यांना ठोक उत्पादनाची घाई होती. पुरेशी चाचणी होण्याआधीच अकरा हजारांहून अधिक इंजिनांची मागणी वेगवेगळ्या कारखान्यांकडे नोंदवली गेली. १९१९ मधलं हवाई दल याच इंजिनावर उडणार, असं ठरून गेलं.

इंजिनं हाती आली तेव्हा ताकद ३०० लाही पोचत नव्हती आणि वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं. सिलिंडर पोलादी होते, त्यांच्यावरच्या फिनना उष्णता लवकर वाहून नेता यावी म्हणून तांब्याचा मुलामा दिलेला होता. त्यानं काही साधलं नाही. सिलिंडर भयंकर तापत. याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. इंजिन ज्या वेगानं चालवायचं, नेमक्या त्याच वेगाला क्रँकशाफ्टची पिळाची नैसर्गिक कंपनं जुळत होती. म्हणजे इंजिन आपल्या नेहमीच्या चालीतच स्वतःचा कणा मोडत होतं. काही तासांत शाफ्ट तुटायचे. कंपनांचं हे शास्त्र तेव्हा नवं होतं, म्हणून ब्रॅडशॉंना फार दोष देता येत नाही. पण न तपासलेल्या एकाच इंजिनावर सगळं हवाई दल उभं करण्याचा निर्णय मात्र मला आजही सुन्न करतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपलं म्हणून हे निभावलं. तोवरच्या आणि नंतरच्या मिळून अकराशेवर ड्रॅगनफ्लाय तयार झाल्या आणि जवळजवळ सगळ्या भंगारात गेल्या.

याच काळात फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत दोन माणसं शांतपणे मूळ प्रश्नाला भिडली होती. प्राध्यापक ए. एच. गिब्सन आणि त्यांचे सहकारी सॅम हेरन. एकेक सिलिंडर वाऱ्याच्या झोतात ठेवून त्यांनी मोजमापं घेतली. उष्णता कुठे साचते? एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी, आणि त्याच्या बैठकीभोवती. ती तिथून फिनपर्यंत जाताना धातूच्या दोन तुकड्यांमधला सांधा लागला की अडकते, कारण कितीही घट्ट आवळलं तरी सांध्यात हवेची झिरझिरीत फट राहतेच. म्हणून माथा ॲल्युमिनियमचा असावा, तो पोलादी नळीवर एकजीव बसावा, व्हॉल्व्हची बैठक त्या ॲल्युमिनियममध्येच असावी, माथा आतून घुमटासारखा असावा आणि दोन व्हॉल्व्ह तिरपे बसवून त्यांच्यामधून वारा जाऊ द्यावा. पुढे जगभरच्या हवाई रेडियलांचा माथा याच नियमांवर घडला. फार्नबरोच्या या कामाला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फार्नबरोचं चौदा सिलिंडरचं, दोन रांगांचं डिझाइन कॉव्हेंट्रीच्या सिडली-डीझी कंपनीकडे गेलं. कंपनीचं नाव पुढे आर्मस्ट्राँग सिडली झालं आणि त्या इंजिनाचं जॅग्वार. हेरनही तिकडे गेले, पण कंपनीचे मालक जॉन सिडली यांच्याशी त्यांचं पटलं नाही. १९२१ मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. हे नाव लक्षात ठेवा; शेवटाकडे पुन्हा लागणार आहे.

जॅग्वार चाललं, आणि चांगलं चाललं. सिस्किन लढाऊ विमानावर ते होतं, इम्पीरियल एअरवेजच्या आर्गोसी प्रवासी विमानावर तीन-तीन होती. १९२६ साली ॲलन कोबम यांनी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया आणि परत असा प्रवास केला, तो एकाच जॅग्वारवर. परतीला १ ऑक्टोबरला त्यांनी आपलं डी हॅविलंड विमान थेट पार्लमेंटसमोर, थेम्सच्या पाण्यावर उतरवलं. जाताना इराकमध्ये जमिनीवरून झालेल्या गोळीबारात त्यांचे मेकॅनिक आर्थर एलियट जखमी झाले आणि बसऱ्याला दगावले. त्या काळच्या लांब उड्डाणांत वैमानिकाचं नाव होतं, पण इंजिन चालतं ठेवणारा माणूस हाच असायचा. म्हणून त्यांचं नाव मी मुद्दाम घेतो.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे. ब्रिस्टल शहराच्या फिशपाँड्स भागात ब्रेझिल-स्ट्रेकर नावाचा कारखाना होता. युद्धात तिथे रोल्स-रॉइसची इंजिनं परवान्यावर तयार व्हायची. तिथले मुख्य अभियंता रॉय फेडन आणि त्यांचे डिझायनर लेनर्ड बटलर. फेडन म्हणजे प्रचंड झपाटा आणि हट्ट. बटलर अबोल, कागदावर रेषा ओढणारे. या जोडीनं १९१८ मध्ये ज्युपिटर आखलं. कारखाना तोवर कॉसमॉस नावाच्या कंपनीनं घेतला होता, आणि ती १९२० मध्ये बुडाली. हवाई मंत्रालयाच्या आग्रहावरून ब्रिस्टल विमान कंपनीनं फेडन यांची माणसं, आराखडे आणि इंजिनं मिळून सगळं १५,००० पौंडांना विकत घेतलं आणि फिल्टनच्या मैदानावर त्यांना शेड दिल्या.

ज्युपिटरचा माथा मात्र फार्नबरोच्या नियमांना धरून नव्हता. फेडन यांना प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवे होते. लहान व्हॉल्व्ह कमी तापतात आणि चार मिळून वाट मोठी होते, हा त्यांचा हिशेब. चार व्हॉल्व्ह उभे बसवायचे म्हणून सिलिंडरची पोलादी नळी वरून सपाट बंद केली, त्यातच व्हॉल्व्हच्या बैठका कापल्या, आणि वर ॲल्युमिनियमचा फिनवाला माथा बोल्टांनी आवळला. दुखऱ्या जागी पोटीस लावावं तसा हा माथा वरून थापलेला, म्हणून त्याला ‘पोटीस हेड’च म्हणत. गिब्सन-हेरननी जो सांधा नको म्हणून सांगितलं होतं, तोच इथे उष्णतेच्या वाटेत आडवा आला.

मग हे इंजिन यशस्वी कसं झालं? बाकीच्या सगळ्या गोष्टी फेडन-बटलरनी कमालीच्या काळजीनं केल्या होत्या म्हणून. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचा माथा वाढतो आणि व्हॉल्व्हची फट बिघडते. ती आपोआप भरून काढणारी योजना त्यांनी रॉकरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीत, केली. नऊ सिलिंडरना हवा-पेट्रोलचं मिश्रण सारखं पोचावं म्हणून इंजिनाच्या पाठीमागे एक सर्पिल वाट केली. तीन कार्ब्युरेटरपैकी प्रत्येकाचं मिश्रण वर्तुळात समान अंतरावर असलेल्या तीनच सिलिंडरना जाईल, अशी. एखादा सिलिंडर पातळ मिश्रणावर चालला की तोच आधी जळतो, म्हणून ही समान वाटणी महत्त्वाची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे इंजिन विकण्याआधी तपासलं गेलं. १९२६ मध्ये ब्लडहाउंड नावाच्या विमानावर मंत्रालयानं सील लावलेलं ज्युपिटर बसवून ते फिल्टन आणि क्रॉयडनदरम्यान पुन्हा पुन्हा उडवलं. २५,००० मैल, सव्वादोनशे तासांहून जास्त, आणि एकही मोठी दुरुस्ती नाही. ड्रॅगनफ्लायनं हवाई रेडियलांच्या नावाला लावलेला बट्टा माझ्या मते त्या उड्डाणांनी पुसला गेला.

फ्रान्सच्या नोम-ए-रोननं ज्युपिटरचा परवाना घेतला, मग जर्मनीत सीमेन्सनं, जपानमध्ये नाकाजिमानं, इटलीत आल्फा रोमिओनं. सगळीकडची मिळून सात हजारांच्या वर ज्युपिटर बनली. जर्मन डॉर्नियर डो एक्स या अजस्र उडत्या नौकेवर १९२९ मध्ये सीमेन्सची बारा ज्युपिटर होती, पंखावर जोडी-जोडीनं, एकामागे एक. पुढच्याला वारा मिळायचा. मागच्याला मिळायची ती पुढच्यानं तापवलेली, घुसळलेली हवा. मागची इंजिनं इतकी तापायला लागली की शेवटी बाराच्या बारा काढून पाण्यानं थंड होणारी अमेरिकन इंजिनं बसवावी लागली. मांडणी चुकली की चांगलं इंजिनही हतबल होतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

आपल्याकडे ही इंजिनं कशी आली, हेही सांगतो. ३० मार्च १९२९ ला लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालं. क्रॉयडनहून बाझलपर्यंत जॅग्वारवालं आर्गोसी, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, मग भूमध्य समुद्रावर शॉर्ट कलकत्ता ही उडती नौका, आणि अलेक्झांड्रियापासून कराचीपर्यंत डी हॅविलंडचं हर्क्युलिस विमान. शेवटच्या दोन्हींवर तीन-तीन ज्युपिटर. इराकच्या वाळवंटात रेडिएटर नसणं हा केवढा दिलासा होता, याची कल्पना करा: गळणारं पाणी नाही, उकळणारं पाणी नाही, फुटणारी नळी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. त्यांच्या पस मॉथवरचं जिप्सी इंजिनही हवेनंच थंड होणारं होतं, मात्र ते रेडियल नव्हतं. त्याचे चार सिलिंडर एका ओळीत, उलटे टांगलेले. लंडनहून निघालेलं पत्र मुंबईकराच्या हातात पडेपर्यंतचा हवाई प्रवास असा हवेनंच थंड होणाऱ्या इंजिनांवर व्हायचा.

१ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. विमानं चार, वेस्टलँड वापिटी, प्रत्येकावर एक ज्युपिटर. आपल्या तंत्रज्ञांना तेव्हा ‘हवाई शिपाई’ म्हणत. विमानाच्या इंजिनावर हात बसलेली हवाई दलातली ही पहिली भारतीय पिढी, आणि तिचा हात बसला तो पावणेसहा इंचांच्या सिलिंडरवर. इतिहासात वैमानिकांची नावं मिळतात. या शिपायांविषयी कोणी नीट संशोधन करावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ४०० चे १,००० कसे झाले ते पाहू. पहिली पायरी माथ्याची. १९२० चं दशक संपता संपता फेडननी पोटीस सोडलं. ॲल्युमिनियमचा माथा नळीच्या वर आट्यांनी गरम-गरम फिरवून कायमचा बसवला आणि बैठका त्यात आल्या. गिब्सन-हेरननी सांगितलेला मुद्दा अखेर मान्य झाला, जरी चार व्हॉल्व्ह त्यांनी सोडले नाहीत. शिवाय हा माथा ओतीव न ठेवता घडीव केला, ‘वाय ॲलॉय’ नावाच्या धातूचा. ॲल्युमिनियममध्ये तांबं, निकेल आणि मॅग्नेशियम. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनं पहिल्या युद्धात शोधलेलं हे मिश्रण तापल्यावरही ताकद टिकवतं. ओतीव माथ्यात फिन जाड आणि विरळ येतात. घडीव ठोकळ्यातून यंत्रावर कापल्या की पातळ आणि दाट येतात. वाऱ्याला भिडणारं क्षेत्रफळ तेवढंच वाढलं.

दुसरी पायरी सुपरचार्जर, म्हणजे मिश्रण दाबून भरणारा पंखा. तिसरी, आणि बऱ्याचदा विसरली जाणारी, पेट्रोलची. तीसच्या दशकात ८७ ऑक्टेनचं इंधन सर्रास मिळू लागलं. इंधन ठोके न देता, म्हणजे अवेळी स्फोट न होता, जास्त दाब सोसू लागलं, म्हणून जास्त भरता आलं. क्रँकशाफ्टचा वेग मिनिटाला सोळाशेच्या आसपास होता, तो पेगॅससमध्ये २,६०० वर गेला. प्रत्येक पायरी चढल्यावर माथा तापायचा, आणि मग पुन्हा फिन, पुन्हा वारा.

वाऱ्याबद्दल एक मोठी अडचण होती. उघडे सिलिंडर वाऱ्याला अडवतात आणि विमानाचा वेग खातात. झाकले तर तापतात. टेडिंग्टनच्या ह्यूबर्ट टाउनएंड यांनी १९२९ च्या सुमारास सिलिंडरांभोवती बसवायचं एक अरुंद कडं शोधलं. त्यानं वारा विस्कटत नाही आणि रोधही घटतो. जवळपास त्याच वेळी अमेरिकेत फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी पूर्ण झाकण तयार केलं. पुढे दोन्हींची परंपरा मिळून लांब काउलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं पत्र्याचं आवरण, आलं: पुढून वारा आत, सिलिंडरांमधल्या पत्र्यांनी तो फिनमधूनच जायला भाग पाडायचा, आणि मागे वैमानिकानं उघडमीट करायच्या झडपा. ब्रिस्टलची खूण म्हणजे काउलिंगचा पुढचा गोल काठ हाच एक्झॉस्टचा नळ. ग्लॅडिएटर किंवा स्वोर्डफिश विमानाच्या छायाचित्रात इंजिनाभोवती जळून तांबूस-निळं झालेलं जे कडं दिसतं, ते हेच.

पेगॅससनं काय केलं? १६ सप्टेंबर १९३२ ला सिरिल युविन्स पेगॅसस लावलेल्या विमानातून ४३,९७६ फुटांवर गेले. तो जागतिक उच्चांक होता. ३ एप्रिल १९३३ ला बिहारमध्ये पूर्णियाजवळच्या लालबालू मैदानावरून दोन वेस्टलँड विमानं निघाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून प्रथमच माणसानं उड्डाण केलं. दोन्हींवर एकेक पेगॅसस. त्यातलं वॅलेस विमान हे वापिटीचाच पुढचा अवतार होतं. तेव्हा ड्रिग रोडवरच्या आपल्या तुकडीचा जन्म होऊन दोन दिवस झाले होते. छायाचित्रकार बॉनेट यांची ऑक्सिजनची नळी वाटेत फुटली, त्यांनी ती रुमालानं बांधली आणि ते शुद्ध हरपून पडले, नंतर सावरले. त्या उंचीवर, साधारण नऊ हजार मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळतं. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला तिथे वेगळी बंदिस्त व्यवस्था लागते. पेगॅससला लागत होता तो फक्त वारा, आणि तो विरळ असला तरी बर्फाळ होता. १९३७ च्या जूनमध्ये एम. जे. ॲडम हे ब्रिस्टल १३८ या विमानातून ५३,९३७ फुटांवर गेले, तेही पेगॅससवर. आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये वेलस्ली विमानं इजिप्तमधल्या इस्मालियाहून न थांबता ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचली, ७,१६२ मैल. एका इंजिनावर, दोन दिवस.

याच पेगॅससवर चालणाऱ्या एका लष्करी वाहतूक विमानाचं नाव ब्रिस्टल बॉम्बे होतं. आपल्या शहराच्या नावाचं विमान १९३५ मध्ये उडालं होतं, हे मुंबईकरांनाही सहसा माहीत नसतं.

आता वादाचा भाग. पेगॅसस जोरात असतानाच फेडन यांना त्याचा शेवट दिसत होता. पुढे ताकद वाढवायची तर सिलिंडरांच्या दोन रांगा हव्यात. आणि दोन रांगांत प्रत्येकी चार व्हॉल्व्ह म्हटले की रॉकरला ढकलणारे पुशरॉड आणि रॉकर यांना मागच्या रांगेपर्यंत वाटच सापडेना. शिवाय लालभडक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हीच ठोक्यांची जागा. म्हणून १९२७ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की व्हॉल्व्हच नकोत. त्याऐवजी स्लीव्ह: सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामध्ये पातळ पोलादी नळी, तिला खिडक्या. ही नळी वर-खाली होते आणि त्याच वेळी थोडी डावी-उजवी फिरते, तिच्यावरचा प्रत्येक बिंदू लंबगोल काढतो. तिच्या खिडक्या सिलिंडरच्या खिडक्यांसमोर आल्या की वाट उघडते, सरकल्या की बंद. सिलिंडरला पाच खिडक्या, तीन आत घेणाऱ्या आणि दोन बाहेर सोडणाऱ्या. स्लीव्हला चार, त्यांतली एक दोन्ही कामं करते. कल्पना फेडन यांची नव्हे, ती आधीपासून होती आणि हॅरी रिकार्डो यांनी तिच्यावर बराच अभ्यास केला होता. पण ती कारखान्यात उतरवली फेडन यांनी. १९३२ मध्ये पर्सियस चालू झालं: नऊ सिलिंडर, व्यास अर्थातच पावणेसहा इंच. जगातलं पहिलं उत्पादनात गेलेलं स्लीव्ह-व्हॉल्व्ह विमान इंजिन.

एक इंजिन चाललं, दहा चालली. हजार कशी करायची? स्लीव्ह अगदी गोल हवी, ती तापल्यावरही. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, तो जास्त फुगतो. साधं पोलाद कमी फुगतं. फट जास्त ठेवली तर तेल जळतं, कमी ठेवली तर स्लीव्ह पकडते. कित्येक वर्षं प्रत्येक स्लीव्ह आपल्या सिलिंडरला हातानं घासून जुळवावी लागायची, म्हणजे एका इंजिनाची स्लीव्ह दुसऱ्याला चालत नसे. युद्ध तोंडावर आलेलं असताना हे चालणार कसं? जास्त फुगणारं वेगळ्या जातीचं पोलाद, त्याच्या पृष्ठभागाला नायट्रोजननं आणलेला कठीणपणा आणि घासण्याची नेमकी पद्धत, हे सगळं जुळून यायला १९३८ उजाडलं. तेव्हा कुठे कोणतीही स्लीव्ह कोणत्याही सिलिंडरला बसू लागली.

त्यातून चौदा सिलिंडरचं हर्क्युलिस इंजिन आलं (डी हॅविलंडच्या विमानाशी नाव सारखं, एवढंच), आणि युद्धात व नंतर त्याची सत्तावन्न हजारांहून अधिक इंजिनं बनली. इंजिन म्हणून मी त्याच्या प्रेमात आहे. तरीही मला वाटतं की हा रस्ता ब्रिटनला फार महाग पडला. अमेरिकेत गेलेले सॅम हेरन आठवा. त्यांनी तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ करून त्यात सोडियम भरलं. व्हॉल्व्ह हलला की वितळलेलं सोडियम आत खेळतं आणि डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं. घुमटाकार माथा, दोनच व्हॉल्व्ह आणि सोडियम, एवढ्या साहित्यावर अमेरिकनांनी तीसच्या दशकातच दोन रांगांची दणकट इंजिनं भराभर बनवली. लिंडबर्ग १९२७ मध्ये अटलांटिकपार गेले, त्या राइट इंजिनाच्या सिलिंडरमागेही हेरन यांचंच काम होतं. म्हणजे फार्नबरोचं ज्ञान अमेरिकेत फळलं, आणि ब्रिटननं त्याच प्रश्नाला दहा वर्षांचा वळसा घातला. १९३९ मध्ये युद्ध लागलं तेव्हा वेलिंग्टन, हॅम्पडन, संडरलंड ही सगळी विमानं अजून पेगॅससवर होती.

आर्मस्ट्राँग सिडलीचं काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. जॅग्वारच्या क्रँकशाफ्टला मधलं बेअरिंग नव्हतं. दोन रांगांमध्ये आधार नसलेला शाफ्ट वेग वाढला की थरथरतो. ही सवय पुढे टायगर इंजिनापर्यंत गेली आणि त्याची वाढ खुंटली. एन्साइन प्रवासी विमानांवरची टायगर कमी पडली, तेव्हा अमेरिकन राइट इंजिनं लावावी लागली. त्यांची लहान इंजिनं, लिंक्स आणि चीता, मात्र सरळ, सोशिक. हजारो वैमानिक त्यांच्यावर उडायला शिकले.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे देतो.

एका विद्यार्थिनीनं विचारलं, स्लीव्हचा मार्ग चुकीचा होता, असं म्हणायचं आहे का? नाही. इंजिन चूक नव्हतं, वेळेचा हिशेब चुकला. युद्धानंतर हर्क्युलिस प्रवासी विमानांवर वर्षानुवर्षं चाललं. आपल्याकडे इंडियन नॅशनल एअरवेजच्या व्हायकिंग विमानांवर तेच होतं. तपासायला झाकण उघडा, फट मोजा, स्क्रू फिरवा, ही व्हॉल्व्हची रोजची कटकट त्यात नव्हती. माझा आक्षेप एवढाच आहे की त्या दहा वर्षांत सोडियमच्या व्हॉल्व्हचं एक दोन-रांगी इंजिनही बरोबरीनं करून ठेवायला हवं होतं. फेडन यांच्यासारखा माणूस मात्र दोन घोड्यांवर पैज लावणारा नव्हता. १९४२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते ब्रिस्टलमधून बाहेर पडले.

दुसरा प्रश्न, यातलं काही भारतात बघता येतं का? दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी आहे, जगात उरलेलं त्या जातीचं एकमेव पूर्ण विमान. जाल तेव्हा बाजूनं नको, नाकासमोर उभे राहून बघा. सिलिंडरांचे माथे काउलिंगशिवाय, उघडे वाऱ्यात आहेत. फिनमधली अंतरं बघा. मग पेगॅससचं एखादं छायाचित्र काढून त्या दाट, पातळ फिनशी ती ताडून पाहा.